स्कायरिममध्ये पोशन बनवायला शिकताय? आधी दिसेल ते तोंडात टाका

स्कायरिम हा तलवारी-ड्रॅगनचा व्हिडिओ गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि अजूनही दर सुट्टीत कोणी ना कोणी तो नव्याने इन्स्टॉल करतंच, आणि मग पंधरा-वीस तासांनी सगळ्यांचा तोच प्रश्न येतो, की अल्केमीचं, म्हणजे पोशन (औषधांच्या बाटल्या) बनवायचं, ते टेबल कसं वापरायचं, मी दोन फुलं टाकली, काहीच झालं नाही, फुलंही गेली. माझंही पहिल्या वेळी सेम झालं होतं. बॅगेत साठ-सत्तर प्रकारचा पाला, किड्यांचे पंख, कुठलेतरी दात, आणि मी ते सगळं दुकानात दोन-दोन नाण्यांना विकून टाकत होतो, कारण त्याचं काय करायचं तेच माहीत नव्हतं. नंतर कळलं की गेममधला सगळ्यात जास्त पैसा त्याच कचऱ्यात होता.

तर एकदम सुरुवातीपासून सांगतो.

प्रत्येक जिन्नसात चार गुण असतात. फूल असो, मशरूम असो, खेकड्याची पाठ असो, राक्षसाचा अंगठा असो, प्रत्येकात बरोबर चार. गेममध्ये त्यांना इफेक्ट म्हणतात. सुरुवातीला हे चारही तुम्हाला दिसत नाहीत, त्यांच्या जागी अननोन लिहिलेलं असतं. आता अल्केमीचा सगळा नियम एका ओळीचा आहे, दोन जिन्नसांत एक तरी गुण सारखा असला पाहिजे. बस. आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीसातले अठरा तरी जुळावे लागतात, इथे चारातला एक जुळला की लग्न लागलं. एकही नाही जुळला तर बाटली बनत नाही आणि दोन्ही जिन्नस वाया.

उदाहरण घ्या. निळं डोंगरी फूल, म्हणजे ब्लू माउंटन फ्लॉवर, रिव्हरवुड गावापासून व्हाइटरन शहरापर्यंत रस्त्याच्या कडेला ढिगाने उगवतं. त्यात रिस्टोर हेल्थ, फोर्टिफाय कंज्युरेशन, फोर्टिफाय हेल्थ आणि डॅमेज मॅजिका रीजेन हे चार गुण आहेत (रिस्टोर म्हणजे भरून काढणं, फोर्टिफाय म्हणजे वाढवणं, डॅमेज म्हणजे कमी करणं; मॅजिका म्हणजे जादूची शक्ती, स्टॅमिना म्हणजे दम, रीजेन म्हणजे ते आपोआप परत भरणं, कंज्युरेशन म्हणजे मदतीला प्राणी-भुतं बोलावायची जादू). दुसरीकडे गहू, साधा गहू, व्हाइटरनच्या तटबंदीबाहेर शेतं आहेत तिथे मिळतो, शेतकऱ्यासमोर उपटला तरी चोरी धरत नाहीत. गव्हात रिस्टोर हेल्थ, फोर्टिफाय हेल्थ, डॅमेज स्टॅमिना रीजेन आणि लिंगरिंग डॅमेज मॅजिका. दोन्हीकडे सारखं काय? रिस्टोर हेल्थ आणि फोर्टिफाय हेल्थ, म्हणजे दोन गुण जुळले, एकाच बाटलीत जखम भरणार आणि थोडा वेळ तुमची हेल्थची मर्यादा पण वाढणार. बाकीचे न जुळलेले गुण बाटलीत येतच नाहीत, ते विसरून जायचं. हा मुद्दा लोकांच्या पटकन लक्षात येत नाही, त्यांना वाटतं फुलातला डॅमेज मॅजिका रीजेन पण आपल्याला बाधेल, तर नाही, जे दोघांत कॉमन तेवढंच उतरतं.

आता ते अननोन गुण कळणार कसे? दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे खायचं. खरंच, इन्व्हेंटरी उघडा, जिन्नस निवडा, खा. खाल्लं की त्याचा पहिला गुण उघडतो. विषारी असला तरी एवढ्याशा डोसाने सहसा मरायला होत नाही, थोडी हेल्थ जाते आणि परत येते, त्यामुळे घाबरू नका, फक्त भर लढाईत हे करू नका. मी तर नियमच केला होता, नवीन काही दिसलं की एक तोडायचं आणि उभ्याउभ्या तोंडात टाकायचं, माझी आजी बघत असती तर दोन रट्टे दिले असते. अपवाद एकच, डेड्रा हार्टसारख्या दुर्मिळ वस्तू खाऊ नका, त्या पुढे डेड्रिक चिलखत बनवताना लोहारकामाला लागतात आणि तेव्हा एकेकासाठी वणवण होते.

दुसरा रस्ता म्हणजे टेबलावर अंदाजाने जोड्या लावायच्या. जोडी लागली की जो गुण जुळला तो दोन्ही जिन्नसांत कायमचा उघडतो. सुरुवातीला दोनच्या ऐवजी तीन जिन्नस टाका, कारण तीन टाकले की तीन जोड्या एकदम तपासल्या जातात, जुळायची शक्यता वाढते. हा ट्रायल मारायचा असेल तर स्वस्त आणि भरपूर असलेल्या मालावर मारा, एकुलत्या एक दातावर नको.

आणि हो, दुकानात रेसिपीचे कागद विकत मिळतात. ते नुसते वाचून गुण उघडत नाहीत, कागदावर लिहिलेलं टेबलावर जाऊन बनवावं लागतं, तेव्हाच गेम ते धरतो. मी पहिल्यांदा तीन कागद विकत घेऊन वाचले आणि वाट बघत बसलो होतो.

पुढे अल्केमीचं स्किल, म्हणजे कौशल्याचा आकडा, वाढलं की एक्सपेरिमेंटर नावाचा पर्क, म्हणजे पॉइंट खर्चून घ्यायची खास क्षमता, मिळतो, तीन टप्प्यांत, ५०, ७० आणि ९० ला. तो घेतला की एक खाल्ल्यावर दोन, मग तीन, मग चारही गुण उघडतात. ऐकायला भारी वाटतं पण माझं मत विचाराल तर त्यात पॉइंट घालवू नका, तोपर्यंत निम्मे गुण तुम्हाला जोड्या लावूनच कळलेले असतात.

टेबल कुठे आहे हा प्रश्न पण येतो. गेम जिथे सुरू होतो त्या हेल्गेनमधून सुटल्यावर पहिलं गाव लागतं ते रिव्हरवुड, तिथल्या स्लीपिंग जायंट इन या खानावळीतच एक आहे. व्हाइटरनमध्ये आर्केडियाच्या दुकानात एक, आत शिरलात की ती बाई तुमचा चेहरा बघून तब्येत बरी दिसत नाही असं काहीतरी सुनावतेच, आणि वरती ड्रॅगन्सरीच राजवाड्यात जादूगार फॅरेंगारच्या खोलीत अजून एक. तिन्ही टेबलं वापरायला फुकट. बाकी प्रत्येक मोठ्या शहरात औषधवाल्याचं दुकान आहे आणि तिथे टेबल असतंच.

आता तिसरा जिन्नस. दोन टाकून काम होतं तर तिसरा कशाला? तिसरा टाकायचा तो नवीन गुण जोडायला. अट हीच की त्याचा पहिल्या दोघांपैकी एकाशी तरी असा गुण जुळावा जो अजून बाटलीत नाही. वरच्याच फूल आणि गव्हाच्या जोडीत राक्षसाचा अंगठा टाका, म्हणजे जायंट्स टो. त्यात डॅमेज स्टॅमिना, फोर्टिफाय हेल्थ, फोर्टिफाय कॅरी वेट (ओझं उचलायची क्षमता) आणि डॅमेज स्टॅमिना रीजेन. गव्हाशी डॅमेज स्टॅमिना रीजेन जुळला, फोर्टिफाय हेल्थ तर तिघांतही आहे, आणि अंगठ्यातला तो गुण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकणारा आहे, त्यामुळे बाटलीची किंमत एकदम उडते. हीच ती जगप्रसिद्ध पैशाची रेसिपी. अडचण एवढीच की अंगठा मिळवायला राक्षस मारावा लागतो, आणि सुरुवातीच्या लेव्हलला त्याचा एक सोटा बसला की तुमचं कॅरॅक्टर रॉकेटसारखं आकाशात जातं, हे ज्याने अनुभवलं नाही त्याने स्कायरिम खेळलाच नाही. लांबून बाण मारा, उंच दगडावर उभे राहा जिथे तो चढू शकत नाही, किंवा थोडं थांबा.

अंगठा मिळेपर्यंत गरिबाची आवृत्ती आहे. निळं डोंगरी फूल आणि निळ्या फुलपाखराचे पंख. फुलपाखरं दिवसा त्याच फुलांच्या आसपास उडत असतात, हाताने पकडायची. दोघांत फोर्टिफाय कंज्युरेशन आणि डॅमेज मॅजिका रीजेन असे दोन गुण जुळतात, प्यायला काही अर्थ नाही पण विकायला मस्त. व्हाइटरनच्या आसपास अर्धा तास फिरलात की वीस-पंचवीस बाटल्यांचा माल गोळा होतो.

विकायला मस्त असण्याचा शिकण्याशी काय संबंध, तर इथेच खरी गोम आहे. अल्केमीचं स्किल किती वाढणार हे बाटलीच्या किमतीवर ठरतं. किती बाटल्या बनवल्या त्यावर नाही, त्या कामाच्या आहेत की बिनकामाच्या त्यावर तर अजिबातच नाही. पन्नास स्वस्त रिस्टोर स्टॅमिना बनवत बसलात तर काटा हलायचा नाही, आणि दहा महागड्या बनवल्यात तर दोन-तीन लेव्हल फटाफट. म्हणून दोन गुणांची बाटली एकापेक्षा बरी, तीन गुणांची त्याहून बरी, चांगले-वाईट गुण एकत्र आले तरी चालेल, शिकायच्या काळात तुम्ही ती पिणार नाही, विकणारच आहात.

स्किल १५ पासून सुरू होतं, कॅरॅक्टरच्या काही वंशांना, जसं ब्रेटन, वुड एल्फ, खाजिट, यांना पाच पॉइंट जास्त. अल्केमी ही गेमच्या हिशोबात चोरांच्या स्किलमध्ये मोडते, जादूगारांच्या नाही. त्यामुळे हेल्गेनहून येताना रस्त्यात जे तीन उभे दगड लागतात त्यातला चोराचा दगड निवडा, २० टक्के लवकर शिकता. बरेच जण औषध म्हणजे जादू असं समजून जादूगाराचा दगड घेतात आणि मग काहीच फरक पडत नाही म्हणून कुरकुरतात. शिवाय इनमध्ये खोली घेऊन झोपून उठलं की थोडा वेळ १० टक्के जास्त, तर बाटल्या बनवायच्या आधी एक डुलकी काढायची, दहा नाण्यांत काम होतं.

पर्कबद्दल थोडं आकड्यात बोलू, कारण इथे लोक फसतात. तुम्हाला वाटेल स्किल शंभरला नेलं की औषध जबरदस्त होणार. नुसत्या स्किलने होत नाही. स्किल शून्यावरून शंभरला नेलं तरी ताकद फक्त दीडपट होते. पण अल्केमिस्ट नावाचा जो पहिला पर्क आहे त्याच्या पाचही पायऱ्या घेतल्या की ताकद थेट दुप्पट. रिस्टोर हेल्थचंच घ्या, सुरुवातीला १५ स्किलला बाटली साधारण विसेक पॉइंट भरते, म्हणजे तुमच्या सुरुवातीच्या शंभरातला पाचवा हिस्सा. स्किल १०० आणि अल्केमिस्ट पूर्ण असेल तर तीच बाटली ६० भरते. त्यावर फिजिशियन आणि बेनिफॅक्टर हे २५-२५ टक्क्यांचे दोन पर्क चढवले की नव्वदच्या वर. तर पॉइंट आधी इथे टाका.

ग्रीन थंब घ्या, ७० ला मिळतो, प्रत्येक झाडाचे एकाऐवजी दोन नग मिळतात, माझ्यासारख्या रस्त्याने जाताना प्रत्येक झुडुपाला हात घालणाऱ्या माणसाला तो पर्क म्हणजे दिवाळीच. आणि सगळ्यात वरचा, १०० चा प्युरिटी, तो घेऊ नका. तो औषधातून वाईट गुण आणि विषातून चांगले गुण काढून टाकतो, ऐकायला स्वच्छ वाटतं, पण गुण कमी झाले की किंमत पण कमी होते.

प्युरिटीवरून विषाकडे येतो, कारण विषात एक गंमत आहे जी माहीत नसली तर नुकसान होतं. एका बाटलीत चांगले आणि वाईट दोन्ही गुण आले तर ती औषध ठरणार की विष? ज्या गुणाची किंमत सगळ्यात जास्त, तो ठरवतो. नाव पण त्याच्यावरूनच पडतं. आता समजा तुम्हाला समोरच्याला जागच्या जागी गोठवणारं पॅरॅलिसिसचं विष करायचंय. इम्प स्टूल नावाचं मशरूम आणि स्वॅम्प फंगल पॉड, दोघांत पॅरॅलिसिस आहे, टाकले, विष झालं, छान. पण दोघांत रिस्टोर हेल्थ पण आहे! म्हणजे तुम्ही शत्रूला गोठवलंत आणि वर त्याच्या जखमाही भरल्यात. मी हे विष बाणाला लावून चांगला दहा-बारा लढाया लढलो, तो दरोडेखोर पडतोय, उठतोय, परत ताजातवाना, मला वाटलं डिफिकल्टी जास्त ठेवलीय की काय. नंतर बाटलीवरची पूर्ण ओळ वाचली तेव्हा ट्यूब पेटली.

उपाय सोपा आहे, इम्प स्टूलच्या जागी कॅनिस रूट घ्या. त्याचं आणि पॉडचं फक्त पॅरॅलिसिसच जुळतं, बाकी काही नाही. आणि दोन्ही उत्तरेला मोर्थलच्या दलदलीत शेजारीशेजारी उगवतात. तिथेच डेथबेल पण मिळते, जांभळट फुलं, त्यात डॅमेज हेल्थ आणि स्लो आहे. रिव्हर बेटी नावाच्या माशातही हेच दोन गुण, दोघांचं विष बनवलंत तर समोरचा जखमी पण होतो आणि हळू पण चालतो, धनुष्यवाल्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे.

विष हत्याराला लावलं की ते एकाच वाराला पुरतं. कॉन्सन्ट्रेटेड पॉयझन पर्क असेल तर दोन वार. आणि ड्रॉगर, म्हणजे थडग्यातली ती प्रेतं, आणि ड्वार्व्हन यंत्रं, यांच्यावर विष चालत नाही, बिलकुल नाही. मेलेल्याला काय विष चढणार म्हणा. जुन्या थडग्यात शिरताना विषाच्या बाटल्या घरी ठेवा आणि रिस्टोर हेल्थ न्या, मी एकदा वीस बाटल्या विष घेऊन आत गेलो होतो, पुढचं सांगत नाही.

एक प्रॅक्टिकल गोष्ट राहिली. औषधवाल्याच्या गल्ल्यात साधारण ५०० नाणी असतात. तुमची एक बाटलीच तेवढ्याची व्हायला लागली की विकणार कोणाला हा प्रॉब्लेम येतो. गल्ला दोन दिवसांनी, म्हणजे गेममधल्या ४८ तासांनी भरतो, तर शहरं फिरत राहायचं, किंवा बाटल्या देऊन त्या बदल्यात त्याच्याकडचे महागडे जिन्नस घ्यायचे. मी दुसरंच करतो, पैसे तसेही पुढे खर्च करायला जागा उरत नाही.

लोहारकाम आणि एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवणं) करणाऱ्यांनी तर अल्केमी सोडूच नये. ब्लिस्टरवर्ट आणि ग्लोइंग मशरूम, दोन्ही गुहांमध्ये सापडतात, यांचं फोर्टिफाय स्मिथिंग होतं, ते पिऊन लगेच धार लावायच्या चाकावर जायचं, तलवार त्याच पोलादाची पण धार वेगळी. एन्चांटिंगसाठी निळ्या फुलपाखराचे पंख आणि बर्फातली लाल बोरं, स्नोबेरीज. मग एन्चांटिंगने अल्केमी वाढवणारी अंगठी, हार, हातमोजे आणि शिरस्त्राण बनवायचं, ते घालून अजून कडक एन्चांटिंगचं औषध, ते पिऊन अजून चांगले दागिने. हे काही फेऱ्यांनंतर आपोआप थांबतं.

न थांबणारा प्रकार वेगळा आहे. फोर्टिफाय रिस्टोरेशनचं (जखमा भरायची जादू वाढवणारं) औषध प्यायलं की तुमच्या अंगावरच्या अल्केमी वाढवणाऱ्या दागिन्यांची ताकद पण वाढते, हा गेममधला जुना बग. दागिने काढायचे, औषध प्यायचं, परत घालायचे, त्यावर नवीन औषध, परत तेच, आणि बघता बघता आकडे लाखांत जातात. गेम बनवणाऱ्या बेथेस्डाने हा कधी काढला नाही, फक्त खेळाडूंनी बनवलेला अनऑफिशियल पॅच टाकला असेल तर चालत नाही. अबेसियन लाँगफिन आणि सायरोडिलिक स्पेडटेल हे दोन मासे टाकले की ते औषध बनतं. करून बघायचं असेल तर आधी सेव्ह ठेवा, कारण एकदा एका फटक्यात ड्रॅगन मरायला लागला की पुढे खेळायला मजा राहत नाही, माझं एक कॅरॅक्टर असंच लेव्हल ३० ला बेकार झालं.

हार्थफायर हा गेमचा जोडभाग असेल तर, गेमच्या नव्या आवृत्तीत, स्पेशल एडिशनमध्ये, तो येतोच, स्वतःचं घर बांधून परसात बाग लावता येते, गहू, मशरूम वगैरे. आणि त्यातच आलेली सालमनची अंडी, सालमन रो, तिला लोक विसरतात. धबधब्यापाशी मासे उड्या मारत असतात, उडत्या माशाला हवेतच पकडायचं. अंडी, नॉर्डिक बार्नॅकल (पाण्यातले शिंपल्यासारखे जीव) आणि लसूण असे तीन टाकले की वॉटरब्रीदिंगची, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायची, इतकी महाग बाटली होते की जायंट्स टो विसराल. राक्षस मारायची गरज नाही, आकाशात उडायची पण नाही, फक्त थंड पाण्यात उभं राहून मासा कधी उडी मारतो त्याची वाट बघायची.